शेवटची दोन मिनिटे आणि मराठीचे प्राध्यापक

१

मराठीच्या प्राध्यापकांच्या बैठकीत खेळाचा विषय निघाला की चेहऱ्यांवर एक विशिष्ट स्मित उमटते. त्यात तुच्छता फारशी नसते. असलीच तर ती लहान मुलाच्या हट्टाकडे वडीलधाऱ्यांनी पाहावे इतकी सौम्य असते. काही महिन्यांपूर्वी अभ्यासक्रमाविषयीच्या एका अनौपचारिक चर्चेत मी सुचवले, की व्यावहारिक मराठीच्या पेपरात आपण जे लेखनप्रकार शिकवतो, त्यांत एखाद्या सामन्याच्या अखेरच्या मिनिटांचे वर्णन हा स्वतंत्र घटक असावा. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे त्यावर उत्तर असे, की सामन्यात घटना असते, अनुभव नसतो. आणि घटनेसाठी वर्तमानपत्र पुरेसे आहे. बाकीच्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात चहा आला आणि विषय संपला.

प्रस्तुत लेख त्या डोलावलेल्या मानांविरुद्ध आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की चुरशीच्या सामन्याच्या अखेरीस जे घडते त्याला आपण थरार म्हणून मोकळे होतो. प्रत्यक्षात तो एक निवाडा असतो. निवाडा हा नियमाच्या वाचनातून होतो. नियम हा मजकूर आहे, आणि मजकूर वाचायला शिकवणे हेच ज्यांचे काम, त्या आपण मंडळींनी हा सारा प्रांत चार-पाच झिजलेल्या विशेषणांच्या हवाली करून टाकला आहे.

हा आरोप मी प्रथम स्वतःवर करतो. बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. तिवसा तालुक्यातल्या एका खेड्यातून येणारा, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी महाविद्यालयाच्या कबड्डी संघात होता. उजव्या कोपऱ्यावर उभा राहायचा. वर्गात मागच्या बाकावर बसायचा आणि हजेरीला उत्तर देण्यापलीकडे त्याचा आवाज क्वचितच ऐकू यायचा. त्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा अंतिम सामना त्याच्या संघाने एका गुणाने जिंकला. पुढच्या आठवड्यात मी 'माझ्या आयुष्यातील एक प्रसंग' या विषयावर लेखन करून आणायला सांगितले. इतर बहुतेकांनी आजीचा मृत्यू, पहिला पाऊस आणि शाळेचा निरोपसमारंभ लिहून आणला. त्याने चार पाने भरून त्या सामन्याची शेवटची दोन मिनिटे लिहिली होती. वऱ्हाडीत.

मी लाल शाईने ती पाने सोलून काढली. समासात 'ग्राम्य', 'क्रीडावृत्त नव्हे, प्रसंगलेखन अपेक्षित', 'भावनांना वाव हवा' असे शेरे दिले. शेवटाकडची काही वाक्ये तर 'अनावश्यक' म्हणून सरळ खोडली. त्या खोडलेल्या वाक्यांकडे मी शेवटी येणारच आहे. आधी ज्या भाषेची सवय मला लागली होती, आणि जिच्या मोजपट्टीने मी त्याला नापसंत केले, ती भाषा पाहू.

२

कोणत्याही मराठी दैनिकाचे क्रीडापान उघडावे. सामना अटीतटीचा झाला असेल तर तो 'थरारक' असतो, फार झाले तर 'चित्तथरारक'. अखेरची मिनिटे 'रोमहर्षक' असतात. प्रेक्षकांनी 'श्वास रोखून' ती पाहिलेली असतात. विजय 'खेचून आणलेला' असतो आणि पराभव 'निसटता' असतो.

या शब्दांकडे जरा थांबून पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. थरार, रोमांच, रोखलेला श्वास, ठोका चुकलेले काळीज, हे सगळे बघणाऱ्याच्या शरीराचे वर्णन आहे. खेळणाऱ्याचे शरीर त्यात कुठेच नाही. त्याचा घोटा कसा वळला, मध्यरेषेकडे परतताना त्याने कोणत्या पायावर भार दिला, साखळीतल्या दोघांपैकी कोणाचा हात आधी सुटला, यांतले काही आपल्याला कळत नाही. कळते ते इतकेच, की वार्ताहराच्या अंगावर काटा आला. सामन्याचे वर्णन म्हणून जे छापले जाते ते प्रेक्षागृहाचे वर्णन असते.

कबड्डीच्या बाबतीत तर या भाषेची फजितीच होते. 'श्वास रोखून पाहावा असा सामना' हे वाक्य आपण सहज लिहितो. पण ज्या खेळाविषयी ते लिहिले जाते त्या खेळाचा पाया नेमका श्वास खर्चण्यावर आहे. चढाई करणाऱ्याने एका दमात, स्पष्ट ऐकू येईल अशा उच्चारात, 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहायचे असते. बोलत राहणे हा त्याच्या जिवंतपणाचा पुरावा; बोल थांबला की तो बाद. आता चढाईला तीस सेकंदांची घड्याळी मर्यादा आहे, त्यामुळे दमाचे जुने महत्त्व कमी झाले हे खरे. तरी दम तुटला की चढाई संपते, हे सूत्र कायम आहे. उच्चारावर आयुष्य टांगलेले असे खेळ जगात किती असतील? भाषेच्या अभ्यासकाने धावत जाऊन पाहावा असा हा खेळ आपल्या गावच्या मैदानात फक्कीच्या रेषा आखून खेळला जातो, आणि आपण त्याच्याविषयी श्वास रोखल्याचे सांगतो.

शब्दांची वाण आहे म्हणावे, तर तसेही नाही. मध्यरेषा, निदान रेषा, चढाई, पकड, दम, लोण, झटापट, राखीव क्षेत्र: ही परिभाषा मराठीत घडली, वापरात मुरली आणि आजही पंचांच्या तोंडी आहे. या खेळाचे जुने प्रकार संजीवनी, गनिमी आणि अमर या नावांनी ओळखले जात. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद गडी उठे. गनिमीत बाद झालेला बाहेरच राही. अमरमध्ये बाद झालेला मैदानातच राहून खेळे, फक्त गुण मोजला जाई. मृत्यूविषयीच्या तीन भिन्न कल्पना तीन शब्दांत मांडणारी ही नावे कोण्या कवीने दिली नाहीत. ती मैदानावर रुळली आणि नियमांच्या पुस्तकांत गेली.

त्या पुस्तकांनाही इतिहास आहे. हुतूतूचे नियम लेखी करण्याचे काम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रात आणि बडोद्याकडे झाले. बडोद्यातूनच द. चिं. मुजुमदार यांच्या संपादनाखाली दहा खंडांचा 'व्यायामज्ञानकोश' मराठीत निघाला. तिवस्याहून तासाभराच्या अंतरावर अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली, आणि त्या मंडळाच्या पथकाने १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली; त्यांत आपला हा खेळही होता. पुढे 'बुवा' साळवींसारख्या संघटकांनी आयुष्य वेचून तो आशियाई स्पर्धांपर्यंत नेला. १९९० साली बीजिंगमध्ये त्याला पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळाले. बुवांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. मराठी गद्याच्या इतिहासात आपण शिलालेख शिकवतो, महानुभावांचे सूत्रपाठ शिकवतो, बखरी आणि आज्ञापत्र शिकवतो. ज्या नियमगद्याच्या आधारे आज अनेक देश एक खेळ खेळतात, त्याचे एक पानही आपण विद्यार्थ्यांपुढे ठेवलेले नाही.

३

आता ज्या दोन मिनिटांमुळे हा लेख सुचला तिकडे येतो. २०२२च्या आशियाई स्पर्धा महासाथीमुळे एक वर्ष लांबल्या आणि चीनमधील हांगझोऊ येथे २०२३ साली झाल्या. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी पुरुषांच्या कबड्डीचा अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यात होता. सामना संपायला दोन मिनिटांहूनही कमी वेळ उरला असताना गुणफलक २८-२८ असा बरोबरीत होता. भारताचा कर्णधार पवन सेहरावत चढाईवर गेला. ही 'करा किंवा मरा' चढाई होती, म्हणजे गुण न आणता परतला तर तो बादच.

पवन कोणालाही स्पर्श न करता बाजूच्या राखीव क्षेत्रात गेला. त्याच्या मागोमाग, त्याला रोखण्याच्या भरात, इराणचे बचाव करणारे खेळाडूही त्या क्षेत्रात शिरले. सगळे मिळून काही क्षणांचा खेळ. आणि मग सामना सुमारे तासभर थांबला.

का थांबला? कोणी पडले म्हणून नाही, पाऊस आला म्हणून नाही. दोन मजकूर समोरासमोर आले म्हणून. राखीव क्षेत्राचा नियम असा, की स्पर्श किंवा झटापट झाल्याखेरीज ते क्षेत्र मैदानाचा भाग होत नाही. त्याआधी तिथे पाऊल टाकणारा बाद. इथवर कोणाचे दुमत नव्हते. पवन बाद, इराणला एक गुण. प्रश्न पुढचा होता. जुन्या नियमानुसार चढाई करणाऱ्यापाठोपाठ जे बचावपटू स्पर्शाविना राखीव क्षेत्रात गेले तेही बाद. म्हणजे भारताला एकाहून अधिक गुण आणि सामना जवळजवळ खिशात. नव्या नियमानुसार चढाई करणारा ज्या क्षणी राखीव क्षेत्रात गेला त्या क्षणी चढाईच संपली. त्यानंतर कोण कुठे गेले याला अर्थ नाही. म्हणजे इराणला एक गुण आणि भारताला शून्य.

निर्णय एकदा दिला गेला, फिरवला गेला, पुन्हा फिरवला गेला. कधी एक संघ, कधी दुसरा संघ निषेध म्हणून मैदानावर बसून राहिला. अखेरीस भारताच्या बाजूने कौल लागला, उरलेला खेळ झाला आणि ३३-२९ असा विजय नोंदला गेला.

यातली गंमत, किंवा शोकांतिका, अशी: ज्या नव्या नियमाचा आधार इराण घेत होता तो रुळला होता भारतातल्याच प्रो कबड्डी लीगमध्ये, जिथे अनेक इराणी खेळाडू वर्षानुवर्षे खेळत आले आहेत. आणि भारत आधार घेत होता जुन्या आंतरराष्ट्रीय पाठाचा. म्हणजे शिष्य गुरूच्या नव्या पोथीवर बोट ठेवून उभा होता आणि गुरू आपल्या जुन्या पोथीवर. पाठभेदाचा याहून जिवंत दाखला पाठचिकित्सेच्या तासाला दुसरा कोणता मिळणार? कोणती प्रत प्रमाण? प्रमाण ठरवण्याचा अधिकार कोणाचा? सामना सुरू होण्यापूर्वी हे निश्चित का झाले नाही? ज्ञानेश्वरीच्या प्रतींविषयी आपण जे प्रश्न विचारायला शिकवतो, तेच हे प्रश्न. फरक एवढाच, की इथे उत्तर येईपर्यंत दोन्ही संघ घामेजलेल्या अंगाने मैदानावर बसून होते.

आपल्याकडे हे सारे कोणत्या शब्दांत आले? 'थरारक', 'नाट्यमय', 'हायव्होल्टेज ड्रामा'. नाट्य कशात होते, हे सांगायला लागणारे वाक्य फार थोड्या ठिकाणी होते. आणि मराठी विभागांत? तिथे अर्थातच काहीही नव्हते. ती घटना होती, अनुभव नव्हता.

४

आता मी सहकाऱ्यांना त्यांच्याच आवडीच्या ग्रंथाची आठवण करून देतो. महाभारताच्या सभापर्वातले द्यूत हा एक खेळ आहे. त्यालाही अखेरची मिनिटे आहेत, आणि त्या मिनिटांत जो प्रश्न उभा राहतो तो नियमाचा प्रश्न आहे. युधिष्ठिर भाऊ हरतो, मग स्वतःला हरतो, आणि मग द्रौपदीला पणाला लावतो. तिला सभेत न्यायला प्रतिकामी येतो तेव्हा ती त्याला परत पाठवते आणि विचारायला सांगते, की राजाने आधी कोणाला गमावले, स्वतःला की मला?

हा प्रश्न कबड्डीच्या भाषेत मांडून पाहा. जो गडी बाद झालेला आहे, त्याने त्यानंतर केलेली खेळी ग्राह्य धरायची की नाही? युधिष्ठिर राखीव क्षेत्रात पाऊल टाकून बसला आहे. त्यानंतर जे झाले ते खेळात धरायचे की खेळाबाहेर? हांगझोऊच्या पंचांपुढचा प्रश्न जवळपास याच साच्याचा होता. चढाई करणारा बाद झाल्यावर खेळ चालू राहतो की त्याच क्षणी थांबतो?

आणि सभेतही नेमके तेच झाले जे हांगझोऊत झाले. भीष्मांना निर्णय देता आला नाही. धर्माची गती सूक्ष्म आहे असे म्हणून ते थांबले. विकर्णाने नियमाच्या आधारे एक वाचन मांडले, कर्णाने ते धुडकावून दुसरे मांडले. निर्णय लोंबकळत राहिला, आणि अखेर त्या प्रश्नाचे उत्तर न मिळताच, अपशकुन आणि धृतराष्ट्राचे वर यांच्या आधाराने प्रकरण मिटवले गेले. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये द्रौपदीच्या या प्रश्नाची किती कठोर चिकित्सा केली आहे, हे आपण सगळे जाणतो. चाळीस मिनिटांच्या तासात चाळीस मिनिटे आपण या एका प्रश्नावर बोलू शकतो. तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' शिकवताना खेळ म्हणून सुरू झालेला खटला निवाड्यापाशी येता येता एका बाईच्या जिवावर कसा उठतो, हे सांगताना आपला कंठ दाटतो. म्हणजे खेळ, नियम आणि निवाडा यांचे नाते आपल्याला समजत नाही असे मुळीच नाही. ते नाते पुस्तकात भेटले की आपण साहित्य म्हणतो आणि मैदानावर भेटले की क्रीडावृत्त म्हणतो.

इथे कोणी म्हणेल, की तिथे एका स्त्रीच्या मानाचा प्रश्न होता आणि इथे एका पदकाचा. दोहोंना एका तागडीत घालणे हे औचित्याला सोडून आहे. आक्षेप रास्त आहे, आणि तुलना वजनाची नाही हे मी मान्य करतो. तुलना रचनेची आहे. वाचायला शिकवायचे ते रचनेतूनच. जो विद्यार्थी मैदानावर नियमाच्या फटीत अडकलेला माणूस ओळखतो, त्याला द्रौपदीचा प्रश्न समजावून सांगायला मला अर्धा तास लागणार नाही. तो आधीच तिथे उभा राहून आलेला असतो.

५

दुसरा आक्षेप असा, की हे काम मराठी क्रीडापत्रकारितेने केलेलेच आहे. यातले खरे आधी मान्य करतो. १९६०च्या दशकात वि. वि. करमरकरांनी 'महाराष्ट्र टाइम्स'मधून खेळाला दैनिकात स्वतःचे पान आणि स्वतःची भाषा मिळवून दिली. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेटचे समालोचन रुजवले. रेडिओच्या श्रोत्याला काहीच दिसत नसते, म्हणून समालोचकाला चेंडू, क्षेत्ररक्षक, धाव, सारे काही शब्दांनी उभे करावे लागे. ती वर्णनाची कठोर शाळा होती. पडद्यावर चित्र आले आणि शब्दांवरची ती सक्ती गेली. दिसतेच आहे म्हटल्यावर ओरडले तरी चालते. म्हणूनच जे काम पूर्वी समालोचक करीत होता ते आता दुसऱ्या कोणीतरी करायला हवे. ते कोण करणार? ज्यांना वर्णन शिकवण्याबद्दल पगार मिळतो त्यांनी.

शेवट म्हणजे काय, याविषयी आपल्याच विदर्भाच्या मातीतून एक धडा मिळाला आहे. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल खेळायला लावले. त्या कामावरून प्रेरणा घेऊन नागराज मंजुळे यांनी 'झुंड' केला. तो २०२२ साली प्रदर्शित झाला. त्यात झोपडपट्टीतली पोरे आणि महाविद्यालयाचा संघ यांच्यात सामना आहे. भिंतीच्या अलीकडची आणि पलीकडची मुले. चित्रपटाचा रूढ संकेत असा, की अखेरचा गोल झाला, शिट्टी वाजली, खांद्यावर उचलले, की पडदा. मंजुळ्यांनी सामना चित्रपटाच्या मध्यावर आणून ठेवला. त्यानंतरचा चित्रपट ओळखपत्रे, पारपत्र आणि विमानतळावरची तपासणी यांचा आहे. शिट्टी वाजल्यावर खरी शेवटची मिनिटे सुरू होतात, असे तो सांगतो. अनेकांना उत्तरार्ध रेंगाळलेला वाटला. मला वाटते, आपल्याला सामना 'थरारक' म्हणून संपवण्याची इतकी सवय झाली आहे की त्यापुढे काय होते ते पाहण्याचा धीर उरलेला नाही.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण तो सगळ्यात मोठा आहे. हांगझोऊला आपण जिंकलो. जिंकलेल्या सामन्यातल्या वादाची चिकित्सा कशाला? मी विद्यार्थ्यांपुढे हा प्रसंग मांडला तेव्हा एकाने हेच विचारले, आणि त्याच्या आवाजात थोडा रागही होता. मी त्याला उलट विचारले, की हाच वाद उलटा झाला असता, इराणने जुन्या नियमावर बोट ठेवून सुवर्ण नेले असते, तर आपण काय म्हटले असते? तो गप्प झाला. मीही झालो. निवाडा आपल्या बाजूने लागला की तो न्याय आणि विरुद्ध लागला की कारस्थान, ही वाचनाची रीत एकदा अंगवळणी पडली, की ती फक्त खेळापुरती राहत नाही.

शिवाय 'आपण' म्हणजे कोण, हेही वाटते तितके सोपे नाही. २०१८ साली जाकार्तात इराणच्या महिला संघाने भारताला अंतिम सामन्यात २७-२४ असे हरवले. त्या इराणी संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. एका मराठी बाईने शिकवलेल्या पकडींनी भारताचे सुवर्ण गेले. तेव्हा 'आपण' हरलो की जिंकलो? पाच वर्षांनी, हांगझोऊला, पुरुषांच्या त्या वादग्रस्त सामन्याच्याच दिवशी, भारताच्या महिलांनी चायनीज तैपेईला २६-२५ असे नमवले आणि ते भारताचे त्या स्पर्धेतील शंभरावे पदक ठरले. शंभराचा आकडा सगळ्यांच्या लक्षात राहिला. एका गुणाचा तो सामना अखेरच्या मिनिटाला कसा उभा होता, हे आज किती जणांना सांगता येईल? आकडा राहतो आणि अनुभव जातो, कारण अनुभव टिकवायला वाक्ये लागतात.

६

मागणी मोठी नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आल्यापासून सहशैक्षणिक उपक्रमांना श्रेयांक मिळू लागले आहेत आणि त्यांत क्रीडेचाही समावेश आहे. म्हणजे खेळल्याबद्दल विद्यार्थ्याला श्रेय आहे; खेळलेले सांगता येण्याबद्दल मात्र नाही. व्यावहारिक मराठीच्या पेपरात तीन गोष्टी सहज करता येतील. कबड्डीच्या नियमांचे एक प्रकरण वाचायला द्यावे आणि त्यातली संदिग्धता शोधायला सांगावी. सामन्याची शेवटची दोन मिनिटे 'थरार', 'रोमांच' आणि 'श्वास' हे तीन शब्द न वापरता लिहायला सांगावीत. आणि ज्याने खेळले त्याने आपल्या बोलीत लिहिले तर ती उत्तरपत्रिका बोलीतच तपासावी. यासाठी शासनाच्या परिपत्रकाची गरज नाही. लाल पेनाला थोडा आवर घालण्याची आहे.

त्या लाल पेनाविषयी बोलून थांबतो.

दोन वर्षांपूर्वी गुरुकुंज मोझरीला पुण्यतिथी महोत्सवाच्या गर्दीत तो विद्यार्थी भेटला. वाकून नमस्कार केला. शेती करतो, थोडी संत्र्याची झाडे आहेत, आणि हिवाळ्यात गावोगावच्या कबड्डी स्पर्धांत पंच म्हणून जातो, असे सांगितले. मला उगीचच बरे वाटले आणि मी त्या जुन्या अंतिम सामन्याची आठवण काढली. तो हसला. म्हणाला, "सर, मी तं ते तुमाले लिहून देल्लं होतं. तुमी कापलं."

घरी येऊन मी जुन्या कागदांचा गठ्ठा उपसला. काही उत्तरपत्रिका नमुना म्हणून ठेवण्याची मला सवय आहे. त्याची ठेवली होती ती अर्थात वाईट लेखनाचा नमुना म्हणून. चार पाने. शेवटच्या चढाईचे वर्णन आज वाचताना माझ्या लक्षात आले, की त्यात एकही विशेषण नाही. समोरच्या गड्याचा डावा पाय, चुन्याची पुसत चाललेली रेष, बाजूच्या पोराने त्याच्या मनगटावर घट्ट धरलेली बोटे, आणि कानात येणारा तो 'कबड्डी कबड्डी'चा बारीक होत जाणारा आवाज. आणि मग मी आडवी रेघ मारून खोडलेली ती वाक्ये. शाईखालून अजून वाचता येतात:

"बोट लागलं होतं मले. पंचाले दिसलं नाही. मी बी हात वर केला नाही. शिट्टी वाजली अन् सायबाईनं हार घातला."

तो बाद होता. त्याने कबूल केले असते तर सामना बरोबरीत गेला असता. संघ जिंकला, गावात मिरवणूक निघाली, आणि जिंकल्याच्या आठव्या दिवशी त्या मुलाने हे एका माणसाला सांगायचे ठरवले, मराठीच्या प्राध्यापकाला. जो निवाडा पंचाने दिला नव्हता तो त्याने स्वतःच स्वतःविरुद्ध दिला आणि लेखी दिला. मी त्यावर 'अनावश्यक' असा शेरा मारून दहापैकी चार गुण दिले.

माझे ज्येष्ठ सहकारी म्हणतात, की सामन्यात घटना असते, अनुभव नसतो. त्यांच्यापुढे मी ती चार पाने ठेवणार आहे. त्यांनी ती तपासावीत आणि गुण द्यावेत. माझे चार मी परत घेतले आहेत.